उलटा पंख

नागपूरच्या गणेशपेठेतल्या आमच्या शेडमधी एक कायदा होता. कोणी लिहून ठेवला नव्हता, पण पाळत सगळेच. काम बिघडलं तं दोष मालाचा. दरवाजा बसला नाही, पत्राच वाकडा आला होता. सांधा सुटला, लोखंडात भेसळ होती. गिऱ्हाइकाच्या तोंडावर ‘माह्यं चुकलं’ म्हणणारा मिस्त्री तीस वर्षांत मी एकच पाहिला, अन् तोही एकदाच म्हणाला. त्याचं नाव देवाजी सुखदेवे. तो पत्र्याचं काम करायचा. मी रुपराव, गॅस वेल्डिंगवाला, त्याच्या शेजारच्याच गाळ्यात बसायचो.

देवाजी इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतला. बाप मिलमधी होता. छप्पन साली आईबापासंगं दीक्षा घेतली तेव्हा हा वीस वर्षांचा होता. दसऱ्याले आम्ही सारे हातोड्यांना हळदकुंकू लावायचो. हा आदल्या दिवशी आपली हत्यारं रॉकेलनं पुसून ओळीनं मांडून ठेवायचा, अन् दसऱ्याच्या सकाळी पांढरा सदरा घालून बायकोले, भागीरथेले, घेऊन दीक्षाभूमीवर जायचा. त्याची हत्यारं आमच्यापेक्षा साफ असत, हे सांगाले मले आजही जिवावर येते. संक्रांत झाली की कूलरची कामं चालू व्हायची ती थेट पाण्याच्या दिवसांपर्यंत. बाकी वर्षभर मोटारींचे दरवाजे, मडगार्ड, बोनेट. हात असा होता की ठोकलेल्या पत्र्यावर हाताची पाठ फिरवली तरी ठोका लागत नव्हता. बोलाले मात्र महाग. कोणी विचारलं, ‘देवाजी, कूलर कधी देतं गा?’, तं म्हणायचा, ‘झाला की.’ वायदा म्हणून कधी कोणाले देला नाही.

ऐंशी सालच्या डिसेंबरात रविंद्र गावंडे आमच्याकडं आला. कळमेश्वरचा पोट्टा, वय सव्वीस. बापाची कापसाची जिनिंग होती. त्या बापाले घरचे अन् गावचे सगळेच बापूजी म्हणत. एकुलता एक, अन् मोटारीचा नाद. मग काय विचारता! जुन्या हेराल्ड मोटारीची चेसिस घेऊन तिच्यावर त्यानं अ‍ॅल्युमिनियमची बुटकी स्पोर्ट्स गाडी बनवून घेतली होती. दोघांपुरती जागा, छत नाही, नाक जमिनीले टेकलेलं, मागचं अंग गोल. गाडी देखणी होती, खोटं काहून बोलू? पण एकशेवीसच्या वर गेली की मागून हलकी व्हायची. दिवाळीच्या दिवसात कळमेश्वरच्या रस्त्यावर ती अशी भोवंडली की रस्ता सोडून तुरीच्या वावरात घुसली अन् तोंड मागं करून थांबली. रविंद्रले खरचटलंसुद्धा नव्हतं. हे तो आम्हाले हासत सांगत होता.

फेब्रुवारीत एका मोटर क्लबानं शर्यत ठेवली होती. लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी होती, नागपुरापासून अडीच तासांवर. तिच्यावर मैलभर सरळ पळायचं, टोकाले तेलाचे पिंप मांडून केलेलं मोठं डावं वळण घ्यायचं, अन् परत यायचं. एकेका गाडीनं, घड्याळ लावून. रविंद्रले त्यात उतरायचं होतं. त्यानं खिशातून विलायती मासिकाचं एक पान काढलं. त्यावर एका रेसच्या गाडीचा फोटो होता, काळापांढरा, समोरून काढलेला. गाडीच्या शेपटीवर दोन खांब अन् त्यावर आडवी काळी रेघ, एवढंच दिसत होतं.

“देवाजीभाऊ, मले हा विंग पाहिजे. विमानाले असते तसा पंख, पण मागं. हा गाडीची शेपूट दाबून धरते.”

विमानासारखा पंख! विमान वर जाते, खाली दबत नाही, ही गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही टकुऱ्यात आली नाही. तिघंही त्या पानावर माना घालून ‘वा वा’ करून राहिलो होतो.

तिसऱ्या दिवशी रविंद्रची माय आली. पार्वतीबाई. एकटीच, जिनिंगच्या जीपमधी बसून. डोक्यावरचा पदर नीट करत देवाजीच्या गाळ्यात शिरली, स्टुलावर बसली, अन् देवाजीनं मागवलेला चहा तिथंच बसून पेली. कळमेश्वरच्या बड्या घरची बाई तेव्हा इंदोऱ्याच्या माणसाच्या गाळ्यात चहा पेत नव्हती, म्हणून हे माह्या ध्यानात राहिलं.

“भाऊ,” ती म्हणाली, “मी त्याले थांबवून पाहिलं. थांबत नाही. बापाले सांगितलं, तं तेच फुगून राहिले, पोरगं शर्यतीत उतरते म्हणून. मले गाडीतलं काही समजत नाही. तुम्ही काय लावाचं ते लावा. पण माह्यं पोरगं त्या वळणावरून परत आलं पाहिजे.”

अन् ज्या माणसानं कूलरचा वायदा कधी देला नाही, तो देवाजी म्हणाला, “येईन बाई. मी पाहतो.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “काहून गा देवाजी? भलत्याच गोष्टीचा शब्द देऊन बसला तू!”  तो लाकडी मोगरी घेऊन आपल्या कामाले लागला.

काम मात्र त्यानं असं केलं की पाहत राहावं. पंख कुठं बसवाचा, हेच आधी ठरत नव्हतं. रविंद्र म्हणे, शेपटीच्या कडेवर चिकटवून टाका. मी म्हटलं, हातभर वर घ्या. देवाजीनं भागीरथेजवळून लाल लोकर आणली. गाडीच्या मागं बांबूचा एक खांब उभा बांधला अन् त्याले खालपासून वरपर्यंत चार-चार बोटांवर लोकरीचे वीतवीतभर धागे गाठवले. रविंद्रनं गाडी पळवली, आम्ही मागून जीपमधी. काय दिसावं? खालचे धागे येड्यासारखे नाचून राहिले, कधी वर, कधी पुढं. काच अन् डोकं यांच्यामागं हवा सारी घुसळलेली. पण अडीच फुटांच्या वरचे धागे सरळ, ताणून धरल्यासारखे. देवाजीनं बांबूले तिथं खडूची खूण केली. “इथं बसवाचा,” म्हणाला. “खाली लावला तं नुसती शोभा.”

मी चेसिसपासून पाइपाचे दोन पाय उभे करून देले. पंख त्यानं आधी जस्ती पत्र्याचा करून पाहिला, फर्मा बरोबर आहे का म्हणून. तो कोपऱ्यात पडून राहिला. मग अ‍ॅल्युमिनियमचा खरा केला, पाच फूट लांब, सव्वा फूट रुंद. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या अन् प्रत्येक पट्टीत पाच भोकं. कोणत्या भोकात बोल्ट घालावा तसा पंख कमीजास्त तिरपा व्हायचा. रविंद्र तं इतका खूश झाला की तिथल्या तिथं देवाजीच्या गळ्यात पडला.

आता चूक सांगतो. पंखाले एक अंग फुगीर अन् एक अंग खोलगट होतं. फुगीर अंग वर ठेवाचं की खाली? फोटोत तं नुसती रेघ. देवाजीनं क्षणभरही विचार केला नाही. फुगीर अंग वर. पत्र्याचा मिस्त्री दुसरं काही करूच शकत नाही, बाप्पा! छप्पर असो, कूलरचा माथा असो, पत्रा नेहमी पालथा. उताणा ठेवला तं पाणी साचते, पाणी साचलं तं पत्रा सडते. हे त्याले पंधराव्या वर्षी उस्तादानं थापड मारून शिकवलं होतं. हात आपोआप तसाच गेला. मी विचारलंसुद्धा नाही, काहून की मीही तसाच ठेवला असता.

बापूजीनं पेंटर पाठवला. पंखाच्या पाठीवर लाल अक्षरात लिहून घेतलं, ‘पार्वती जिनिंग फॅक्टरी, कळमेश्वर’. बायकोच्या नावाची फॅक्टरी होती ती. रविंद्रनं गाडी फिरवून आणली अन् म्हणाला, “आता बसली! जमिनीले चिकटून पळते.” आपण आपल्या पैशानं लावलेली वस्तू आपल्याले नेहमीच गुणाची वाटते. तो त्या दिवशी शंभराच्या वर गेलाच नव्हता, हे आम्हाले मागून समजलं.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी देवाजी धंतोलीच्या एका डॉक्टराचा कूलर जोडत होता. फॅन लावून पाहिला तं हवाच येईना. पाहतो तं बाजारातून आणलेली पाती कोणीतरी उलटी रिबीट मारून ठेवली होती. देवाजीनं एक पातं काढलं, हातात घेतलं, अन् तसाच उभा राहिला. चहा आला, निवला. मी दोनदा हाक मारली.

“रुपराव,” तो म्हणाला, “फॅन हवा कोणीकडं फेकते?”

“खोलीत. हे काय विचारून राहिला?”

“पात्याचं कोणतं अंग खोलीकडं असते?”

“खोलगट.”

“म्हणजे खोलगट अंग जिकडं, हवा तिकडं. शेपूट खाली दाबाची असन तं हवा वर फेकाले पाहिजे. अन् आपण खोलगट अंग खाली ठेवलं.”

मी हासलो. म्हटलं, “अबे, कूलर कुठं अन् रेसची गाडी कुठं! त्या पोट्ट्यानं चालवून पाहिली ना? त्याले बरं वाटलं ना? मग तुह्या पोटात काहून दुखते?” पण त्याचा चेहरा पाहून माह्यं हासू निवलं.

भागीरथेचं माहेर भिवापूरचं. तिच्या भावाजवळ मिरची तोलाचा स्प्रिंगचा काटा होता, तो त्या वेळी देवाजीच्याच घरी पडून होता. शनिवारी सकाळी तो काटा घेऊन देवाजी आला. मी एक मेटाडोर मागून आणला. त्याच्या केबिनवर आम्ही बल्ल्यांची चौकट बांधली, तिले काटा टांगला, काट्याले तो कोपऱ्यात पडलेला जस्ती पंख, फुगीर अंग वर. हेलकावे खाऊ नये म्हणून चारी बाजूंनी सैल दोऱ्या. उभ्या गाडीत काटा सहा किलो दाखवत होता. मी चालवाले बसलो, देवाजी मागं उभा राहून काटा पाहाले. मिरचीच्या खकाण्यानं तो रस्ताभर शिंकून राहिला होता.

तीसच्या वेगात काटा पाचावर आला. साठाले दोनावर.  दाबायच्या जागी तो पंख वर उठून राहिला होता! आम्ही गाडी थांबवली, पंख उलटा केला, खोलगट अंग वर, अन् पुन्हा पळालो. साठाले काटा दहावर गेला.

“तिसाले एक, साठाले चार,” देवाजी म्हणाला. “वेग दुप्पट तं जोर चौपट. एकशेवीसले सोळा किलो. एकशेचाळीसले वीसच्या वर. अन् ते शेपूट उचलाले, दाबाले नाही. रुपराव, आधीच हलकी गाडी हाये ती. मी त्या बाईले शब्द देला.”

कळमेश्वरले ट्रंककॉल लावला. उत्तर आलं, गाडी ट्रकवर घालून सगळे सकाळीच निघाले, आता तिकडंच भेटन.

रविवारी पहाटे त्याच मेटाडोरनं आम्ही निघालो. रस्ताभर मी त्याले समजावत होतो. “हे पाय गा, पंख काढाले लाव, पण चुकलं म्हणू नको. सांग, पत्रा हलका निघाला. सांग, बोल्ट बरोबर भेटले नाही. गावभर नाव हाये तुह्यं, एका मिनिटात मातीत जाईन.” अन् खरं सांगतो, माह्या मनात याहून वाईट होतं. मले भेव वाटत होतं का हा आता माह्या वेल्डिंगवर ढकलते. शेवटी मी बोललोच, “माह्या पाइपाचं नाव काढू नको बरं.”

“तुह्या पाइपानं काय केलं?” तो म्हणाला. मले माह्यीच लाज वाटली, पण मी ती दाखवली नाही, खिडकीबाहेर पाहत बसलो.

तिथं पोहोचलो तं जत्राच. अर्धं कळमेश्वर आलेलं. बापूजी फेटा बांधून खुर्चीवर बसलेले, भोवती पाहुणे. झाडाखाली बाया सैपाकाले लागलेल्या, त्यात पार्वतीबाई. गाड्या एकेक सुटत होत्या. आमच्यासमोरच एक गाडी वळणावर गरकन फिरली अन् दोन पिंप उडवून थांबली. माणूस उतरला, पाय झटकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाजी सरळ रविंद्रजवळ गेला. त्याचा नंबर यायले घंटाभर होता.

“रविंद्रभाऊ, पंख उलटा बसला हाये. फुगीर अंग खाली पाहिजे. आत्ता आहे तसा तो शेपूट वर उचलते. मी काट्यावर तोलून पाहिलं. मले अर्धा-पाऊण घंटा द्या, मी फिरवून देतो.”

रविंद्रच्या भोवती त्याचे दोस्त होते. त्यानं आधी त्यांच्याकडं पाहिलं. “म्हणजे? कोणी लावला उलटा?”

“मी.”

“कोणी सांगितलं तुम्हाले तसा लावाले?”

“कोणीच नाही. माह्यं काम चुकलं.”

आवाज मोठा नव्हता, पण खणखणीत होता. दहा-पंधरा जणांनी तं नक्की ऐकला. एकजण फिसकन हासला. रविंद्रचे कान लाल झाले. “दोन महिने ठोकत बसला तू, अन् आता इथं येऊन सांगतं उलटं हाये म्हणून? माह्यी इज्जत काढाले आला का इथं?” देवाजीभाऊचा ‘तू’ झाला होता. देवाजी हातात ड्रिल घेऊन उभाच राहिला.

गलका ऐकून बापूजी आले. त्यांनी पंखावर हात ठेवला. “फिरवला तं हे नाव कुठं जाईन?”

“खाली जाईन बापूजी. जमिनीकडं.”

“मंग नाही फिरवाचा! हजार माणूस आलं हाये. घरच्या लक्ष्मीचं नाव हाये ते, चाकाखाली घालतं का? पोरगं म्हणते गाडी चांगली पळते, तं पळते. तुम्ही जा, तिकडं जेवण करा.”

मी देवाजीची बाही ओढली. म्हटलं, चाल, आपण सांगितलं, आपलं काम झालं. तो हालला नाही. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी फेब्रुवारीच्या सकाळी पाहिला. एवढ्यात पार्वतीबाई आली, हाताले कणीक लागलेली तशीच. तिनं कोणालेच काही विचारलं नाही, नुसतं देवाजीले विचारलं, “भाऊ, तुमचं काय म्हणणं हाये?”

“बाई, आहे तसा जाऊ नका देऊ.”

ती नवऱ्याकडं वळली. “नाव माह्यं हाये ना ते?”

“अवं, पण...”

“पण गिण काही नाही. नावाले काय चाटाचं हाये? माह्यं नाव खाली जाऊ द्या नाही तं उलटं जाऊ द्या. भाऊ, काढा ते.”

चारचौघांत बापूजीले बायकोनं असं कधी बोललं नसन. ते आ करून पाहत राहिले. देवाजी तोवर बोल्टाले भिडला होता.

भोकं जुळत नव्हती. पट्ट्या उतरवून हाताच्या ड्रिलनं नवी पाडावी लागली. मी दाबून धरत होतो, तो फिरवत होता. पाहाले गर्दी झाली. कोणी म्हणे, मिस्त्री कूलर लावून राहिला का गा? कोणी म्हणे, याले सुलटं-उलटं कोणी शिकवलं नाही वाटते. देवाजीनं मान वर केली नाही. पंख फिरला तेव्हा मोठा गबाळा दिसत होता, रिबिटांची डोकी वर, रंगाचा पत्ता नाही. रविंद्र म्हणाला, “आता फिरवलाच हाये तं पुरा तिरपा कर. शेवटच्या भोकात टाक.”

“नाही. दुसऱ्या. शेपूट जास्त दाबली तं नाक उचलन अन् हँडल हलकं होईन. वळण आपल्याले गाडीच्या दोन्ही टोकांनी घ्याचं हाये.”

बोल्ट त्यानं दुसऱ्याच भोकात आवळला. रविंद्र दात-ओठ खात गाडीत बसला, अन् गेला.

मी सगळी शर्यत पाहिली, पण देवाजीनं नाही पाहिली. तो मेटाडोरच्या पायरीवर पाठ करून बसला होता. टोकावरचं वळण लांब होतं, गाडी तिथं बोटाएवढी दिसत होती. धूळ उठली, गाडी त्या धुळीत गेली. पार्वतीबाई माह्याच बाजूले उभी होती. तिचा श्वास मले ऐकू येत होता, मग तो येईनासा झाला. धुळीतून गाडी निघाली तेव्हा ती मटकन खाली बसली. “आली गा,” मी देवाजीले म्हटलं. तो उठला अन् डोळे पुसले, मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

रविंद्रचा दुसरा नंबर आला. तो उतरला, दोस्तांनी खांद्यावर घेतला. देवाजीकडं त्यानं पाहिलंही नाही. बक्षिसाच्या वेळी बापूजीनं फोटोवाल्यापासून ट्रकच्या ड्रायव्हरापर्यंत सगळ्यांचे आभार मानले, आमचे सोडून. देवाजी गाडीखाली वाकून मागच्या टायरांना हात लावून पाहत होता. “दोन्ही सारखे गरम हाये, शेपूट दबून राहिली,” एवढंच मले म्हणाला.

मंग जे व्हाचं ते झालं. आठ दिवसांत गणेशपेठेपासून कॉटन मार्केटपर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी गोष्ट गेली, की देवाजीनं रेसच्या गाडीले उलटा पंख लावला अन् हजार माणसांत स्वतःच कबूल केलं. कोणी दरवाजा दुरुस्तीले आणला की म्हणे, ‘देवाजी, सुलटा लावजो गा.’ चहावाला कप पालथा ठेवून विचारे, ‘असाच पेता का मिस्त्री?’ मोटारवाले हळूहळू दुसरीकडं जाऊ लागले. वर्षभरात त्याच्याजवळ कूलरच तेवढे राहिले. अन् ज्यांनी आजवर दहादा उलटंपालटं करून पत्र्यावर ढकललं होतं, तेच सगळ्यात जास्त हासत होते. मीही हासलो आहे त्या दिवसांत. एकदोनदा नाही, खूपदा. शेजारच्या गाळ्यात तो ठोकत असायचा अन् इकडं मी गिऱ्हाइकाले ती गोष्ट रंगवून सांगायचो. आज मले त्याची शरम वाटते.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात रविंद्रचं लग्न निघालं. मांडवाचे सहा कूलर पार्वतीबाईनं देवाजीलेच सांगितले, अन् आम्हा दोघांना बायकांसकट आवतन. उन्हाचा असा तडाखा होता की कूलरसमोरची जागा सोडाले कोणी तयार नव्हतं. पंगत बसली. पार्वतीबाईनं देवाजीले पहिल्याच पंगतीत, नवरदेवाच्या समोरच्या रांगेत बसवलं. त्यावरून दोन-चार म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

रविंद्र रंगात आला होता. मुंडावळ्या मागं सारून सासरच्या मंडळींना म्हणाला, “हे पाहा, हे आमचे देवाजी मिस्त्री. यायनं माह्या गाडीले उलटा पंख लावला होता! थोडं राहिलं, नाही तं मी हवेतच उडत होतो.”

पंगत खो खो हासली. पाहुण्यांतला एक म्हणाला, “मंग हे कूलर तरी सुलटे हायेत ना?” पुन्हा हासू. देवाजीही हासला, मान खाली घालून वरणभात कालवत. माह्या अंगाची आग झाली. बोलावं म्हटलं, तं माह्या कोणत्या तोंडानं बोलू? मी तरी काय केलं होतं वर्षभर?

पार्वतीबाई बुंदीची परात घेऊन वाढत येत होती. ती थांबली.

“हासा बाप्पा, खूप हासा,” ती म्हणाली. “पण रविंद्र, सांगतं तं पुरं सांग. त्या माणसानं हजार लोकांत ‘माह्यं चुकलं’ म्हटलं नसतं, तं आज या मांडवात तुह्या गळ्यातला हार तुह्या फोटोले असता.”

लग्नाच्या मांडवात असं बोलावं नाही. बायांनी तोंडाले पदर लावले, कोणी ‘शिव शिव’ म्हणालं.  कूलरांचा आवाज तेवढा चालू होता. बापूजी उठाले लागले, पण बाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

रविंद्र जागेवरून उठला. पाटाभोवतीची रांगोळी ओलांडून आला, मायच्या हातातली परात घेतली, अन् देवाजीच्या पत्रावळीसमोर उकिडवा बसला. नवरदेव, मुंडावळ्यांसकट. 

“देवाजीभाऊ,” तो म्हणाला, “त्या वळणावर गाडी सरकली होती. पुरी सरकली होती. मंग मागून धरल्यासारखी बसली. पिंपापासून टायर हातभर राहिला होता. मी कोणालेच सांगितलं नाही.”

देवाजीनं त्याच्याकडं पाहिलं.  रविंद्रनं त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली, आणखी वाढली. देवाजी हात आडवा धरून ‘बस, बस’ म्हणत होता. रविंद्रनं तो हात बाजूले केला अन् पुन्हा वाढली. देवाजीनं ती सगळी खाल्ली.